रक्त पोचलं, मग बुद्धीचं काय?

१९५१ साली माँट्रियलमधले न्यूरॉलॉजिस्ट चार्ल्स मिलर फिशर यांनी मानेतल्या कॅरोटिड धमनीविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. अर्धांगवायूचं मूळ तोवर बहुतेक डॉक्टर कवटीच्या आतच शोधत. शवविच्छेदन झालं तरी मेंदू बाहेर काढून तपासायचा, मानेतल्या धमन्यांना सहसा कोणी हात लावत नसे. फिशर यांना धागा सापडला तो रुग्णाच्या बोलण्यात. एक बाजू लुळी पडण्याआधी आपल्या एका डोळ्यापुढे मधूनमधून अंधारी यायची, असं एका रुग्णानं सांगितलं. तो डोळा लुळ्या अंगाच्या बाजूचा नव्हता, पलीकडचा होता. डाव्या कॅरोटिडमधून डाव्या डोळ्याला रक्त जातं आणि मेंदूच्या डाव्या अर्ध्यालाही. तो अर्धा भाग मात्र उजवं अंग चालवतो. दोन्ही तक्रारी मागे नेत गेलं की एकाच जागी येऊन मिळतात, आणि ती जागा मानेत आहे.

बंद पडलेला भाग वगळून रक्त पुढे नेण्याची वाट शल्यचिकित्सक कधीतरी काढतील, असं भाकीत फिशर यांनी केलं. त्याच वर्षी त्यांनी आणखी एक विचार मांडला, की म्हातारपणी बुद्धी ढासळते तिच्यामागेही काही वेळा या धमन्यांचं बंद होणं असावं. दोन्ही विचार शेजारी ठेवले की तिसरा आपोआप तयार होतो. धमनी बंद झाल्यानं बुद्धी जात असेल, तर वाट मोकळी करून दिल्यावर ती परत यावी. हा तिसरा विचार इतका सरळ वाटतो, की त्याला नीट कसोटीला लावायला वैद्यकाला साठाहून अधिक वर्षं लागली.

आधी मेंदूचा खर्च पाहू. वजन साधारण १४०० ग्रॅम, म्हणजे शरीराच्या जेमतेम दोन टक्के. पण आपण स्वस्थ पडून असतानाही शरीर जेवढा ऑक्सिजन वापरतं त्याचा पाचवा हिस्सा एकट्या मेंदूला लागतो. दर १०० ग्रॅम मेंदूतून मिनिटाला सुमारे ५० मिलिलिटर रक्त वाहतं. हा आकडा २० च्या खाली गेला की पेशी काम थांबवतात: हात उचलत नाही, शब्द सुचत नाही. पेशी मेलेल्या नसतात, गप्प असतात. १० च्या आसपास घसरला आणि तसाच राहिला, की त्या मरायला लागतात.

या दोन टोकांच्या मध्ये मेंदूनं स्वतःच्या बचावाच्या बऱ्याच तरतुदी करून ठेवल्या आहेत. एक कॅरोटिड पूर्ण बंद पडूनही ज्यांना काहीच झालेलं नाही अशी माणसं असतात, कारण मेंदूच्या तळाशी विलिसचं वर्तुळ नावाची धमन्यांची साखळी आहे आणि तिच्यातून पलीकडचं रक्त अलीकडे येऊ शकतं. तेवढ्यानं भागलं नाही तर बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात. त्याही पुरत्या रुंदावल्या, की पेशी आल्या रक्तातून जास्त ऑक्सिजन ओढून घेऊ लागतात. एरवी त्या साधारण ३० ते ४० टक्के घेतात. अडचणीच्या दिवसांत हे प्रमाण ८० टक्क्यांपर्यंतही चढतं. फ्रान्समधल्या ज्याँ-क्लोद बारों यांच्या गटानं १९८१ मध्ये पेट स्कॅनवर ही अवस्था दाखवली आणि तिला ‘मिझरी परफ्यूजन’ असं नाव दिलं. त्यांच्या त्या रुग्णावर बायपास झाल्यावर ओढाताण कमी झाल्याचंही स्कॅनवर दिसलं. पेशी जिवंत आहेत, काम करताहेत, पण गंगाजळीतला शेवटचा पैसा खर्च करून. अशा मेंदूला रक्त वाढवून दिलं तर तो टवटवीत होईल, ही आशा कोणालाही वाटावी.

या टंचाईचा फटका सगळीकडे सारखा बसत नाही. कालव्याला पाणी कमी सुटलं की शेपटाकडची शेतं आधी सुकतात, तसा दोन मोठ्या धमन्यांच्या हद्दी जिथे भिडतात तो पट्टा आधी उपाशी राहतो. मेंदूच्या पुढच्या भागात, पुढच्या आणि मधल्या धमनीच्या मधोमध, असा एक पट्टा आहे. म्हणून या रुग्णांची तक्रार पुष्कळदा विसरण्याची नसतेच. नातवाचं नाव आठवतं, गावची जमीन कुणाकडे गहाण होती तेही आठवतं. अडतं ते बँकेचा अर्ज भरताना, एका कामातून उठून दुसरं हातात घेताना, चारजण एकदम बोलत असताना. घरचे म्हणतात, ‘ते संथ झालेत’, नाहीतर ‘आता कशात लक्ष घालत नाहीत’. आळस आणि उदासी यांच्या खात्यावर हे सगळं सहज जमा होतं, आणि खरी उदासीही अनेकदा सोबत असते.

शस्त्रक्रिया दोन तऱ्हेच्या आहेत. पहिली मानेतली. तिथे कॅरोटिडच्या दुभंगाजवळ चरबी आणि चुन्याचा थर साचून वाट अरुंद होते. सर्जन धमनी उघडून तो थर सोलून काढतो. याला एंडार्टरेक्टमी म्हणतात. ह्यूस्टनमध्ये मायकेल डिबेकी यांनी १९५३ मध्ये एका बसचालकावर ती केली, पण तिचं वृत्त फार उशिरा छापलं. त्यामुळे गाजली ती लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमधली १९५४ ची शस्त्रक्रिया. ६६ वर्षांच्या त्या बाईंना तात्पुरत्या लकव्याचे ३३ झटके येऊन गेले होते. मेंदूला त्रास होऊ नये म्हणून त्यांचं शरीर आधी थंड केलं, मग धमनीचा खराब तुकडा काढून टोकं जोडली.

आजही ही शस्त्रक्रिया पुष्कळ ठिकाणी रुग्णाला जागं ठेवून करतात. मान तेवढी बधिर करायची आणि रुग्णाच्या विरुद्ध बाजूच्या हातात दाबल्यावर चिवचिवणारं रबरी खेळणं द्यायचं. सर्जन धमनीला चिमटा लावतो, भूलतज्ज्ञ ‘दाबा’ म्हणतो. खेळणं वाजलं की त्या अर्ध्या मेंदूला पलीकडून पुरेसं रक्त मिळतंय असं समजायचं. कोट्यवधींच्या यंत्रांनी भरलेल्या खोलीत रबरी बदकाच्या आवाजावर निर्णय घेतला जातो, हे मला फार आवडतं. पण बदक सांगतं ते फक्त हाताविषयी. हिशेब, शब्द, सबुरी यांचं काय चाललंय ते त्याला कळत नाही.

दुसरी शस्त्रक्रिया कवटीतली, आणि फिशर यांच्या भाकिताच्या जास्त जवळची. कानशिलावर बोट टेकवलं की जी उडताना जाणवते ती धमनी टाळूच्या कातडीला रक्त पुरवते. ती सोडवून घ्यायची, कवटीला लहानशी खिडकी पाडायची आणि मेंदूच्या पृष्ठभागावरच्या मधल्या धमनीच्या फांदीला तिचं टोक शिवायचं. जोड असतो साधारण एक मिलिमीटर रुंदीच्या नळ्यांचा, आणि धागा केसापेक्षा बारीक. तुर्कस्तानात जन्मलेले गाझी याशारगिल हे कसब शिकायला झुरिकहून अमेरिकेत व्हरमाँटमधल्या बर्लिंग्टनला गेले. तिथे रेमंड मॅडिसन डोनाघी यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली कुत्र्यांच्या मेंदूतल्या धमन्या जोडण्याचा सराव केला. ३० ऑक्टोबर १९६७ रोजी झुरिकमध्ये त्यांनी माणसावर हा बायपास केला. दुसऱ्याच दिवशी डोनाघींनी बर्लिंग्टनमध्ये केला. फिशर यांचं पहिलं भाकीत सोळा वर्षांत खरं ठरलं.

मग लाट आली. सत्तरच्या दशकात हा बायपास जगभर होऊ लागला, आणि त्यासोबत एक सुखद बातमीही येऊ लागली: रुग्णांची बुद्धी सुधारते. काही गटांनी शस्त्रक्रियेआधी आणि नंतर बुद्ध्यांक मोजला, तो वाढलेला निघाला. ‘बाबा पुन्हा पेपर वाचू लागले’ असं घरची माणसं सांगत. ती खोटं बोलत नव्हती, सर्जनही खोटे आकडे छापत नव्हते. गोम मोजण्याच्या रीतीत होती.

बुद्धीची चाचणी रक्तातल्या साखरेसारखी नसते. साखर दहा वेळा मोजली म्हणून साखर मोजून घ्यायचा सराव होत नाही. पंधरा शब्दांची यादी ऐकवून अर्ध्या तासानं विचारली, आणि तीन महिन्यांनी तसंच पुन्हा केलं, तर दुसऱ्या खेपेला माणूस जास्त शब्द सांगतो, कारण त्याला प्रसंग ओळखीचा झालेला असतो. कागदावर विखुरलेले आकडे क्रमानं जोडायची चाचणीही दुसऱ्यांदा लवकर संपते. शिवाय पहिली चाचणी होते ती स्ट्रोकच्या धक्क्यानंतर थोड्याच दिवसांत, ऑपरेशनची भीती डोक्यावर असताना. दुसरी होते घरी परतून झोप आणि जेवण रुळल्यावर. मधल्या काळात मेंदू आपला आपणही थोडाफार सावरतो. या सगळ्याचं श्रेय बायपासला देऊन टाकणं फार सोपं होतं, कारण ऑपरेशन न झालेला, तेवढ्याच वेळा तपासलेला दुसरा गट बहुतेक ठिकाणी नव्हताच.

असा गट ठेवून मोठी परीक्षा घेतली ती कॅनडातल्या हेन्री बार्नेट यांनी, पण प्रश्न बुद्धीचा नव्हता, स्ट्रोकचा होता. १३७७ रुग्ण, निम्म्यांना औषधांसोबत बायपास आणि निम्म्यांना नुसती औषधं, चिठ्ठी टाकून. १९८५ मध्ये निकाल लागला: बायपासनं स्ट्रोक टळत नाही. न्यूरोसर्जन मंडळी खवळली. निवड चुकली, ज्यांना खरोखर रक्ताची टंचाई होती असे रुग्ण वेगळे काढलेच नाहीत, असा त्यांचा आक्षेप होता. तो पुढे २५ वर्षं टिकला, आणि तो निराधारही नव्हता.

याच बार्नेट यांनी मानेतल्या शस्त्रक्रियेचीही परीक्षा घेतली आणि तिथे निकाल उलटा आला. १९९१ च्या त्या अभ्यासात कॅरोटिड ७० टक्के किंवा अधिक अरुंद झालेल्या आणि आधीच झटका येऊन गेलेल्या रुग्णांत, दोन वर्षांत त्याच बाजूला स्ट्रोक येण्याचं प्रमाण औषधांवर २६ टक्के होतं, शस्त्रक्रियेनंतर ९ टक्के. वैद्यकात असे खणखणीत आकडे क्वचित हाती लागतात. एंडार्टरेक्टमी टिकली ती या आकड्यांमुळे.

आता बुद्धीकडे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात एंडार्टरेक्टमीच्या आधी आणि नंतर रुग्णांच्या बारकाईनं चाचण्या घेतल्या गेल्या, आणि तुलनेसाठी कण्याच्या शस्त्रक्रियेचे रुग्ण घेतले. ही निवड हुशारीची होती. भूल, वेदना, रुग्णालयातली रात्र, चाचणीचा सराव या साऱ्या गोष्टी दोघांच्या वाट्याला सारख्याच येतात. फरक फक्त मानेतल्या धमनीचा. त्यांना आढळलं, की सुमारे चौथा हिस्सा रुग्णांत सुरुवातीच्या काळात सूक्ष्म घसरण दिसते. अशी की बोलताना घरच्यांच्या लक्षात येऊ नये, कागद-पेन्सिलीला मात्र कळावी. पुष्कळांत ती पुढे भरून निघते. काही रुग्ण उलट सुधारतात. सरासरी काढली की सुधारलेले आणि घसरलेले एकमेकांना खाऊन टाकतात आणि ‘काही फरक नाही’ असं उत्तर येतं. या विषयातले निबंध एकमेकांशी भांडताना दिसतात त्याचं हे एक मोठं कारण आहे.

घसरण का होते? चिमटा लावलेल्या मिनिटांत रक्त कमी पडतं, हे एक. धमनी हाताळताना थराचे कण सुटून वर जातात, हे दुसरं. धमनी न उघडता आतून जाळीची नळी बसवण्याच्या स्टेंटिंगमध्ये हे कण जास्त सुटतात. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय तुलनेत स्टेंटनंतर ५० टक्के रुग्णांच्या एमआरआयवर ताजे ठिपके दिसले, एंडार्टरेक्टमीनंतर १७ टक्के. एवढा फरक असूनही बुद्धीच्या चाचण्यांत दोन गटांमध्ये ठळक अंतर निघालं नाही. ठिपके मोजणं आणि बुद्धी मोजणं ही दोन कामं वेगळी आहेत हे इथे मान्य करावंच लागतं.

तिसरं कारण जरा विपरीत आहे. रक्त जास्त झालं म्हणूनही बुद्धीला इजा होते. वर्षानुवर्षं ताणून रुंद झालेल्या बारीक वाहिन्या पुन्हा आकसायचं विसरलेल्या असतात. वरची वाट अचानक मोकळी झाली की त्यांच्यावर पुराचा लोंढा येतो. मेयो क्लिनिकच्या थॉरल्फ सुंट यांनी १९८१ मध्ये याचं वर्णन केलं: ऑपरेशननंतर काही दिवसांनी त्या बाजूचं डोकं ठणकतं, फिट येते, वाईटात वाईट म्हणजे रक्तस्राव होतो. हा प्रकार विरळा. पण जपानमधल्या मोरिओका इथे कुनिआकी ओगासावारा यांच्या गटानं दाखवलं, की ही लक्षणं उमटली नाहीत तरी स्कॅनवर रक्ताचा असा अतिरेक दिसलेल्या रुग्णांत पुढे बुद्धीची घसरण जास्त आढळते. त्यामुळे ऑपरेशननंतरच्या दिवसांत नर्स दर थोड्या वेळानं रक्तदाब घेते आणि तो चढू देत नाही, तो नुसता रिवाज नाही. नातेवाइकांनी त्या दिवसांतली डोकेदुखी ‘टाक्यांची असेल’ म्हणून सोडून देऊ नये.

आता त्या २५ वर्षांच्या आक्षेपाकडे येतो. टंचाईचेच रुग्ण निवडा, असं सर्जन म्हणत होते. अमेरिकेतल्या विल्यम पॉवर्स यांनी नेमकं तेच केलं. एक कॅरोटिड पूर्ण बंद, नुकताच झटका येऊन गेलेला, आणि पेट स्कॅनवर पेशी नेहमीपेक्षा जास्त ऑक्सिजन ओढताना दिसताहेत, असे १९५ रुग्ण त्यांनी घेतले. अभ्यासाचं नाव कॉस. याच अभ्यासाच्या पोटात कोलंबियाच्या रँडॉल्फ मार्शल यांनी दुसरा लहान अभ्यास बसवला, रेकॉन. त्याचा प्रश्न एकच: अशा निवडक रुग्णांत बायपास केला तर दोन वर्षांनी बुद्धी औषधांवरच्या गटापेक्षा बरी असेल का? फिशर यांच्या १९५१ च्या विचारांतून निघालेल्या त्या तिसऱ्या विचाराला एवढी नेमकी परीक्षा आधी कोणी लावली नव्हती.

सुरुवातीची निरीक्षणं आशा वाढवणारी होती. ज्यांना नुसता तात्पुरता झटका येऊन गेला होता, अशांमध्ये ऑक्सिजनची ओढाताण असलेल्यांची बुद्धी ओढाताण नसलेल्यांपेक्षा कमी निघाली. म्हणजे दुवा होता. आता तो उलटा फिरवायचा.

कॉसचा निकाल २०११ मध्ये आला, अभ्यास मध्येच थांबवून. तंत्र म्हणून शस्त्रक्रिया उत्तम झाली होती: महिन्यानं पाहिलं तेव्हा ९८ टक्के जोड वाहते होते, आणि ऑक्सिजनची ओढाताण स्कॅनवर खरोखर कमी झाली होती. रक्त पोचलं होतं. तरी दोन वर्षांतल्या स्ट्रोकचा हिशेब शस्त्रक्रियेच्या गटात २१ टक्के आणि औषधांच्या गटात २२.७ टक्के असा जवळजवळ बरोबरीत सुटला. कारण पहिल्या ३० दिवसांतच शस्त्रक्रियेच्या गटातल्या १४.४ टक्के रुग्णांना त्याच बाजूला स्ट्रोक आला, दुसऱ्या गटात २ टक्क्यांना. पुढे जो फायदा झाला तो ही सुरुवातीची उधारी फेडण्यात गेला.

रेकॉनचा निकाल २०१४ मध्ये आला. चिठ्ठीनं विभागलेले रुग्ण होते ४१. मृत्यू, नवे स्ट्रोक आणि अर्ध्यावर सुटलेले वजा जाता दोन वर्षांच्या तुलनेला उरले २९: बायपासचे १३, औषधांचे १६. वय, शिक्षण आणि उदासी यांचा हिशेब धरून पाहिल्यावर बुद्धीतल्या बदलात दोन गटांमध्ये फरक निघाला नाही.

२९ माणसांवरून जगाचा निवाडा करू नये, हे खरं. पण कॉस अभ्यासच थांबल्यानं रेकॉनला जास्त माणसं मिळणं शक्य नव्हतं, आणि बुद्धीवर मोठा, डोळ्यांत भरणारा परिणाम असता तर तो एवढ्यातही डोकावला असता. माझं मत असं, की तिसऱ्या विचाराचं ढोबळ रूप इथे हरलं. ज्या पेशी टंचाईत गप्प बसल्या होत्या त्यांना जागं करता येईल. पण अशा रुग्णाच्या मेंदूत गप्प पेशींसोबत मेलेल्याही असतात, लांब तारांचं जाळं ठिकठिकाणी झिजलेलं असतं, आणि त्याला रक्तदाब, मधुमेह, तंबाखू यांची वीस-तीस वर्षांची पार्श्वभूमी असते. मानेतली एक धमनी हा त्या सगळ्यातला चित्रात ठळक दिसणारा भाग. शिवाय औषधांच्या गटातली माणसंही स्थिर राहिली नव्हती. मेंदू आपल्या आडवाटा वाढवतच असतो. चीनमधला सीमॉस हा अभ्यास २०२३ मध्ये आला. ३२४ रुग्णांत कुशल हातांनी केलेल्या बायपासनंतर स्ट्रोक वा मृत्यूचं एकत्रित प्रमाण ८.६ टक्के, औषधांवर १२.३ टक्के. अंतर आहे, पण योगायोग म्हणून सोडून देता येईल इतकंच.

मोयामोयाची गोष्ट मात्र वेगळी, आणि ती या सगळ्यात घुसडून टाकणं अन्यायाचं ठरेल. या आजारात मेंदूच्या तळाशी कॅरोटिडची टोकं हळूहळू आकसत जातात आणि त्यांच्याभोवती बारीक वाहिन्यांचं जाळं उगवतं. अँजिओग्राफीत ते धुराच्या लोटासारखं दिसतं, म्हणून सेंदाईच्या जिरो सुझुकी आणि अकिरा ताकाकू यांनी १९६९ मध्ये त्याला हे जपानी नाव दिलं. जपान, कोरिया, चीनमध्ये तो जास्त आढळतो, भारतातही दिसतो, आणि पुष्कळदा लहान मुलांत. मूल मोठ्यानं रडलं, बासरी वाजवली, गरम नूडल्सवर फुंकर मारत राहिलं, की एक हात काही मिनिटं लुळा पडतो. जोरजोरात श्वास टाकल्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि मेंदूच्या वाहिन्या आकसतात. इथे तर आधीच काही शिल्लक नसते. आई म्हणते रडण्याचं नाटक करतो, शिक्षक म्हणतात लक्ष नसतं.

या मुलांत वाहिन्यांवर वीस वर्षांची तंबाखू आणि रक्तदाब साचलेला नसतो. मेंदू वाढत असतो, नवी रक्तवाट स्वीकारायची त्याची तयारी मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त असते. धमनी थेट न शिवता कातडीखालची धमनी नुसती मेंदूवर पसरून ठेवली, तरी काही महिन्यांत तिच्यातून मेंदूत फुटवे जातात. जपानमध्ये ही पद्धत १९८० च्या सुमारास रुजली. उपचाराविना राहिलेल्या मुलांत आजाराची वर्षं वाढतील तसा बुद्ध्यांक खाली येत जातो, हे तिथल्या डॉक्टरांनी फार पूर्वीच नोंदवलं होतं. शस्त्रक्रियेनंतर तो बहुधा टिकतो, पण आधीच मोठा स्ट्रोक होऊन गेला असेल तर गेलेलं परत येत नाही. म्हणून इथे प्रश्न वेळेचा आहे. मोठ्या माणसांतल्या रक्तस्रावी मोयामोयावर जपाननं ८० रुग्णांची चिठ्ठी टाकून परीक्षा घेतली; पाच वर्षांत पुन्हा रक्तस्राव होण्याचं प्रमाण बायपासनं ३१.६ टक्क्यांवरून ११.९ टक्क्यांवर आलं.

टोरांटोच्या संशोधकांनी २०११ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. अशा गंभीर आजारांत ज्या भागात रक्ताची शिल्लक संपलेली असते तिथे मेंदूची साल पातळ होते, आणि यशस्वी बायपासनंतर काही महिन्यांनी ती सुमारे ५ टक्के जाड झालेली आढळली. हे वाचून मी हरखलो होतो. पण जाड झालेल्या सालीच्या माणसाला वीज बिल भरणं सोपं जातं का, याचं उत्तर जाडीत नाही. ते पुन्हा कागद-पेन्सिल घेऊनच काढावं लागतं.

सुरीसोबत गोळीचाही हिशेब मांडायला हवा. स्प्रिंट या अमेरिकी अभ्यासात ९३६१ माणसांपैकी निम्म्यांचा वरचा रक्तदाब १२० च्या खाली ठेवायचा प्रयत्न केला, निम्म्यांचा १४० च्या खाली. २०१९ च्या निकालात पहिल्या गटात सौम्य बौद्धिक घसरण सुमारे १९ टक्के कमी आढळली. स्मृतिभ्रंशातला फरक मात्र पक्का ठरला नाही. कॅरोटिड पूर्ण बंद असलेल्यांचा दाब मुद्दाम चढता ठेवावा, म्हणजे रक्त ढकललं जाईल, असं अनेक डॉक्टरांना वाटे. कॉसमधल्या औषधांवरच्या रुग्णांच्या नोंदी पॉवर्स यांनी नंतर तपासल्या, तर १३०/८५ किंवा त्याखाली दाब राहिलेल्यांना स्ट्रोक कमी आले होते. प्रत्येक रुग्णाचं गणित त्याच्या डॉक्टरानंच मांडायचं, पण सहजबुद्धीनं दिलेलं उत्तर इथेही चुकलं.

भारतात या साऱ्याला एक वेगळी कड आहे. युरोप-अमेरिकेत अडथळा बहुतेकदा मानेत असतो. आशियात, आपल्याकडेही, कवटीच्या आतल्या धमन्या अरुंद होण्याचं प्रमाण जास्त. तिथे सोलून काढायची सोय नाही, त्यामुळे मानेचे आकडे डोळे झाकून आपल्याला लावता येत नाहीत. दुसरी अडचण चाचणीची. शंभरातून सात-सात वजा करा, कागदावर घड्याळ काढा, हे प्रश्न शाळेत गेलेल्या माणसासाठी आहेत. आयुष्यभर शेती सांभाळलेल्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईला ते घातले तर ती आजारी नसतानाही नापास होते. हरियाणातल्या बल्लभगड भागातल्या खेड्यांसाठी १९९५ च्या सुमारास हिंदी मेंटल स्टेट एक्झामिनेशन तयार झाली, ती याच अडचणीतून. मूळ इंग्रजी चाचणीत ‘डोळे मिटा’ असं छापलेलं वाचून तसं करायचं असतं. इथे तपासणारा स्वतः डोळे मिटून दाखवतो आणि ‘मी करतो तसं करा’ म्हणतो. एक वाक्य लिहून दाखवा, याच्या जागी आपल्या घराविषयी काहीतरी सांगा.

ऑपरेशनच्या आधी सर्जनला विचारायचे प्रश्न यातून निघतात. ही शस्त्रक्रिया स्ट्रोक टाळण्यासाठी आहे, की संथपणा जावा म्हणून? पहिल्यासाठी असेल तर या रुग्णालयात पहिल्या महिन्यातल्या स्ट्रोकचं प्रमाण किती? दुसऱ्यासाठी सुचवली असेल, आणि रुग्ण मोयामोयाचा नसेल, तर दुसऱ्या डॉक्टराचं मत जरूर घ्यावं. आणि हो-ना काही ठरलं, तरी आधी रुग्णाच्या स्वतःच्या बोलीत एक नीट चाचणी करून तिचा कागद जपून ठेवावा, चष्मा आणि कानातलं यंत्र घालून केलेली. सहा महिन्यांनी ‘पूर्वीसारखे राहिले नाहीत’ आणि ‘छे, चांगले सुधारलेत’ असे दोन पक्ष घरात पडतात तेव्हा तो कागद काढता येतो. तुलनेची चाचणी त्याच भाषेत, शक्य तर त्याच तपासनिसाकडून, पण शब्दांची यादी बदलून घ्यायची.